परिव्राजकाची प्रदक्षिणा

काशीक्षेत्राची पंचक्रोशी यात्रा मणिकर्णिकेपासून सुरू होते. ज्ञानवापीपाशी संकल्प करून यात्रेकरू मणिकर्णिका घाटावर येतो, गंगास्नान करतो आणि सारे क्षेत्र उजव्या हाताला ठेवून चालू लागतो. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे त्याचे पाच मुक्काम. वाटेवर १०८ देवस्थाने आहेत आणि एकंदर चाल सुमारे ५० मैलांची आहे. ती पूर्ण झाली की यात्रेकरू पुन्हा मणिकर्णिकेच्याच पायऱ्यांवर येऊन उभा राहतो. व्यवहारी मनुष्य विचारील की, जेथून निघाला तेथेच परत आला, तर एवढे चालून मिळविले काय? आणि ज्याचे पाय व्याधीने थकले, ज्याला अंथरुणावरून उठवत नाही, त्याने ही प्रदक्षिणा करावी तरी कशी? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका सत्पुरुषाच्या जीवनात मिळते. त्यांचे नाव स्वामी तुरीयानंद.

मणिकर्णिका मराठी मनाला परकी नाही. शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिक पौर्णिमेस श्रीएकनाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका याच तीरावर पूर्ण केली. पुढे पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला. इ. स. १८६८ मध्ये श्रीरामकृष्ण परमहंस मथुरबाबूंसमवेत काशीयात्रेस आले असता, नावेतून या घाटासमोर येताच त्यांना एक अलौकिक दर्शन घडले. साक्षात श्रीविश्वनाथ एकेका चितेपाशी जाऊन जीवाच्या कानात तारकमंत्र सांगत आहेत आणि जगदंबा त्या जीवाची कर्मबंधने सोडवीत आहे, असे त्यांनी पाहिले. त्या समयी कलकत्त्याच्या बागबाजार भागात पाच वर्षांचा एक मातृहीन बालक वाढत होता. पुढे तो याच परमहंसांचा शिष्य होणार होता, आणि ५४ वर्षांनी त्याचा देह याच घाटावर येणार होता.

त्या बालकाचे नाव हरिनाथ चट्टोपाध्याय. जन्म ३ जानेवारी १८६३ रोजी झाला. हरिनाथ तीन वर्षांचे असताना पिसाळलेल्या कोल्ह्यापासून मुलाला वाचविताना आईला दंश झाला आणि त्यातच तिचा अंत झाला. बाराव्या वर्षी पितृछत्रही हरपले. वडील बंधूंच्या घरी वाढणाऱ्या या मुलाने लहान वयातच ब्रह्मचर्याचे कडक व्रत अंगीकारले. पहाटेच्या अंधारात गंगेवर जावे, स्नान करावे, गीतापाठ करावा, स्वहस्ते शिजविलेले साधे अन्न खावे आणि श्रीशंकराचार्यांच्या ग्रंथांचे चिंतन करावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. एके पहाटे स्नान करीत असता पाण्यात मगर दिसल्याचा ओरडा झाला. हरिनाथ प्रथम भयाने काठाकडे धावले. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. मी देह नाही असे नित्य म्हणावे आणि देहावर संकट येताच पळ काढावा, हे कसले ज्ञान? ते परत पाण्यात उतरले आणि स्नान पूर्ण करूनच बाहेर आले. या बालसुलभ साहसात एक बीज होते. जे वाचले ते देहावर उतरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह जन्मभर टिकला.

किशोरवयातच त्यांना श्रीरामकृष्णांचे दर्शन घडले आणि दक्षिणेश्वरी जाणे सुरू झाले. परंतु वेदान्ताभ्यासाच्या भरात मध्यंतरी बरेच दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. परमहंस कलकत्त्यास बलराम बसूंच्या घरी आले तेव्हा त्यांनी हरिनाथांना बोलावून घेतले. लवकुशांनी हनुमंताला बांधले त्या प्रसंगाचे एक गीत ते गाऊ लागले. हनुमंताच्या मनात आले म्हणूनच तो बांधला गेला, नाहीतर त्याला कोण बांधू शकणार, असा त्याचा भाव होता. गाता गाता परमहंसांच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या. हरिनाथांना बोध झाला की, परमेश्वर आपल्या पुरुषार्थाने कोंडला जात नाही. तो कृपेनेच सापडतो. त्या दिवसापासून त्यांच्या ज्ञानाला भक्तीचा ओलावा आला.

परमहंसांच्या कंठाला असाध्य व्याधी जडली आणि त्यांना काशीपूरच्या उद्यानगृहात आणले गेले. एकदा हरिनाथांनी प्रकृती कशी आहे म्हणून विचारले. परमहंसांनी सामान्य रोग्याप्रमाणे वेदनांची, दाहाची, अन्न गिळता येत नसल्याची तक्रार केली. हरिनाथ मात्र त्यांच्या मुखाकडे पाहतच राहिले. शब्द दुःखाचे होते आणि समोर आनंदाचा सागर होता. आपणांस ते केवळ आनंदरूप दिसत आहेत, असे त्यांनी सांगताच गुरूंनी हसून आपले गुपित या लबाडाने ओळखल्याची कबुली दिली. १६ ऑगस्ट १८८६ रोजी परमहंस गेले. व्याधी देहाच्या एका जागी असते आणि मनुष्य दुसऱ्या जागी राहू शकतो, हा धडा शिष्याने त्या रुग्णशय्येपाशी पाहिला होता. तो त्याला स्वतःला गिरवावा लागण्यास अजून बराच अवधी होता.

१८८७ मध्ये हरिनाथ वराहनगरच्या मठात आले. संन्यासानंतर ते स्वामी तुरीयानंद झाले. मग वाट सुरू झाली. हृषीकेश, गढवाल, पंजाब, राजपुताना, व्रजभूमी असे ते वर्षानुवर्षे हिंडले. अंगावर एखादे वस्त्र, भिक्षेचे अन्न आणि मुखी गीता. कधी उपवास घडे, कधी ज्वराने अंग फणफणे, तरी चालणे थांबत नसे.

या भ्रमंतीतच एकदा त्यांच्या मनाला घोर विषादाने ग्रासले. जगात प्रत्येकजण काही ना काही काम करीत आहे. शेतकरी नांगरतो, गृहस्थ कुटुंब पोसतो, आणि मी मात्र भटक्याप्रमाणे निरर्थक फिरत आहे, असे त्यांना वाटू लागले. विचार झटकला तरी पुनःपुन्हा येई. शेवटी थकून ते एका वृक्षाखाली आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. स्वप्नात त्यांना आपलाच देह पडलेला दिसला. पाहता पाहता तो देह वाढू लागला, वाढता वाढता त्याने सारी पृथ्वी व्यापली. जो एवढा विशाल आहे त्याने स्वतःला निरुपयोगी का मानावे, सत्याचा एक कणही मोहाच्या अवघ्या जगाला पुरून उरतो, असा बोध त्यांना त्या अवस्थेत झाला. ते जागे झाले तेव्हा संशय मावळला होता. वाट तीच होती, पाय तेच होते. पण चालण्याला हेतू आला होता.

तो हेतू कोणाच्या उपयोगी पडावयाचा, हे स्वामी विवेकानंदांनी दाखविले. १८९३ मध्ये मुंबईहून अमेरिकेस प्रयाण करण्यापूर्वी ते अबू रोड येथे गुरुबंधूंना भेटले, तेव्हा परदुःखाने त्यांचे हृदय किती विस्तारले आहे हे तुरीयानंदांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८९९ मध्ये विवेकानंदांनी त्यांना अमेरिकेस चलण्याचा आग्रह केला. एकांतप्रिय तुरीयानंद राजी होईनात. तेव्हा विवेकानंदांनी गळ्यात हात घालून, आपण या कार्यासाठी रक्ताचा थेंब न् थेंब वेचून मरणाच्या दारी आलो आहोत आणि तुम्ही नुसते पाहत राहणार काय, असे डोळ्यांत पाणी आणून विचारले. मग नकार उरला नाही. कॅलिफोर्नियातील एका निर्जन खोऱ्यात १६० एकर भूमीवर त्यांनी १९०० साली शांती आश्रम उभा केला. पाण्याचे दुर्भिक्ष, तंबूतील निवास, उष्णता आणि थंडी यांत मूठभर साधकांना ध्यान आणि गीता शिकविताना त्यांची प्रकृती ढासळली. १९०२ मध्ये ते परत निघाले. रंगूनला पोचतात तो विवेकानंदांनी देह ठेवल्याची वार्ता त्यांना कळली. ज्यांना भेटण्यासाठी एवढा सागर ओलांडला ते आता भेटणार नव्हते. तुरीयानंद पुन्हा तपस्येसाठी उत्तरेकडील तीर्थांकडे वळले.

पुढे मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले. आज या रोगावर औषधे आहेत, पथ्याचे शास्त्र आहे. त्या काळी यांतील फारच थोडे होते. ज्या इन्सुलिनने पुढे असंख्य प्राण वाचले ते कॅनडातील टोरोंटो येथे प्रथम एका मुलाला टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये, म्हणजे स्वामींच्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या वर्षी. मधुमेही मनुष्याची जखम लवकर भरत नाही. लहानसे गळू पसरते, कुजते, आणि शस्त्राने कापावे लागते. हिमालयाच्या वाटा तुडविणाऱ्या त्या पायांना आता खोलीतल्या खोलीत चालणे कठीण झाले.

१९१९ च्या प्रारंभी ते काशीस आले. विवेकानंदांच्या उपदेशाने प्रेरित झालेल्या काही तरुणांनी १९०० साली रस्त्यावर पडलेल्या निराधार रुग्णांची सेवा आरंभिली होती. त्यातूनच येथील रामकृष्ण सेवाश्रम उभा राहिला होता. ज्या ठिकाणी अनाथ रोगी आणले जात, तेथेच हा संन्यासीही रोगी म्हणून राहिला. त्यांच्या देहावर अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या. गुंगीचे औषध त्यांनी घेतले नाही. वैद्य कापीत असता ते मन आवरून स्तब्ध पडून राहात. एकदा मात्र जखम बांधताना वैद्यांनी पूर्वसूचना न देता थोडे दूषित मांस कापले, तेव्हा स्वामींच्या तोंडून वेदनेचा उद्गार निघाला. कापावयाचे होते तर आधी सांगावयास हवे होते, म्हणजे मन तेथून काढून घेता आले असते, असे त्यांनी समजावले.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. स्वामींना वेदना होत नसत असे नाही. वेदना होती, आणि मन तिच्यात असेल तर तेही आमच्याप्रमाणेच कळवळत. पण मनाला कोठे न्यावयाचे ते त्यांना ठाऊक होते, कारण चालता चालता त्यांनी ती वाट वर्षानुवर्षे मळून ठेवली होती. मोठ्या दुःखानेही जी ढळत नाही अशा स्थितीचे वर्णन भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात केले आहे. बालपणी गंगेच्या पाण्यात मगरीपुढे ज्याची पहिली परीक्षा झाली, तोच पाठ येथे रुग्णशय्येवर पक्का झालेला दिसतो. आणि त्यांनी वैद्य किंवा औषध टाकले नाही, हेही विसरू नये. देहाचे काम त्यांनी वैद्यावर सोपविले आणि मनाचे काम स्वतःकडे ठेवले.

पूर्वी ते लोकांकडे चालत जात; आता लोक त्यांच्याकडे येऊ लागले. तरुण संन्यासी, सेवाश्रमातील सेवक, प्रापंचिक भक्त त्यांच्या खाटेभोवती बसत. गीता, उपनिषदे, भागवत यांचे वाचन होई, शंका विचारल्या जात. दूर असलेल्यांना पत्रे जात. दिवसभर रोग्यांची मलमूत्रे काढून थकलेल्या सेवकाला, आपण करीत आहोत ते नारायणाचे पूजन आहे, हा विश्वास त्या खाटेपाशी मिळे. वृक्षाखाली ज्याला आपले जीवन निरर्थक वाटले होते, त्याच्या जीवनाचे सर्वांत फलदायी दिवस असे अंथरुणावर उगवले.

२१ जुलै १९२२ रोजी अंत जवळ आला. स्वामींनी आपणांस बसते करावयास सांगितले, हात जोडले, चरणामृत घेतले. गुरुबंधू स्वामी अखंडानंदांसमवेत ब्रह्माचे सत्य, ज्ञान आणि अनंत असे वर्णन करणाऱ्या उपनिषद्वचनाचा उच्चार केला. ब्रह्म सत्य आहे, आणि जगही सत्य आहे, सर्व काही सत्यच आहे, अशा आशयाचे शब्द त्यांच्या मुखातून निघाले. आयुष्यभर वेदान्त घोळणाऱ्या ज्ञान्याने जाताना जगाला मिथ्या म्हटले नाही. ज्या जगात माता मुलासाठी प्राण देते, गुरुबंधू गळ्यात पडून रडतो आणि अनोळखी सेवक रोग्याची जखम धुतो, त्या जगातही त्यांना तेच एक सत्य भरलेले दिसले. काही वेळाने प्राण शांत झाला. वय ५९ वर्षांचे होते.

काशीच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या कितीही फिरल्या तरी उतरत उतरत गंगेकडेच येतात. भक्तजन तो देह मणिकर्णिकेवर घेऊन आले आणि संन्याशांच्या रीतीप्रमाणे गंगेच्या स्वाधीन केला. जेथे गुरूंना तारक विश्वनाथांचे दर्शन घडले होते, तेथेच शिष्याची प्रदक्षिणा पूर्ण झाली.

जेथून निघाला तेथेच परत येऊन मिळविले काय, असे आपण आरंभी विचारले होते. उत्तर असे दिसते की, प्रदक्षिणेत अंतर कापावयाचे नसते. केंद्राकडचे लक्ष ढळू द्यावयाचे नसते. ज्याचे पाय धड आहेत त्याने खुशाल पंचक्रोशी चालावी, पंढरीची वारी करावी. पण आपल्या घरात कोणी दीर्घ व्याधीने खिळलेले असेल, तर त्याची यात्रा संपली असे त्याला वाटू देऊ नये. त्याच्या उशाशी बसून रोज गीतेचे चार श्लोक वाचावेत, त्याच्याकडून दोन शहाणपणाचे शब्द मागावेत, आणि त्याची सेवा पूजा मानून करावी. भगवंताला मध्ये ठेवून फिरणारे मन खाटेवरूनही मणिकर्णिकेला पोचते.