बोले ठरावाचे बोले

दरवर्षी २० मार्चला आपल्या वस्त्यांमधून महाडच्या चवदार तळ्याची आठवण निघते. भाषणे होतात, गाणी होतात, आणि वक्ता जुना असेल तर त्याच्या तोंडी ‘बोले ठराव’ हा शब्द एकदा तरी येतोच. पण हे बोले कोण, असे आपल्या पोरांना विचारा. सांगता येत नाही. कोणी तरी कुठे तरी काही बोलले म्हणून तो बोले ठराव, अशीही एका हुशार मुलाची समजूत आमच्या कानावर आली! हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्याविषयी चार शब्द लिहायचे ठरवले आहे.

बोले हे भंडारी समाजातले. ताडी-माडीच्या झाडावर चढणारा, कोकणातून पोटासाठी मुंबईत आलेला हा कष्टकरी समाज. वरच्या जातींनी त्यालाही कधी मानाने जवळ बसवले नाही. त्यामुळे खालच्या पायरीवर उभे राहिले की वरची पायरी किती उंच दिसते, हे बोल्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. सार्वजनिक कामाची सुरुवात त्यांनी गिरणगावातून केली. १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. त्या काळी गिरणीत हात तुटला तर मालक त्या माणसाला घरी बसवायचा, झालं! अशा कामगारांना भरपाई मिळवून देणे, कामाचे तास कमी व्हावेत म्हणून सरकारकडे अर्ज करणे, मालक-मजुरांच्या तंट्यात मध्ये पडणे, ही या सभेची कामे. मवाळ मार्गाची संस्था होती ती. आजच्या युनियनवाल्यांना तिची भाषा फार मिळमिळीत वाटेल. पण बोल्यांना एक सवय तिथेच लागली असावी असे आम्हाला वाटते, ती म्हणजे दुःखाचे नुसते वर्णन न करता, ते दूर करणे कोणाच्या हातात आहे आणि त्याला कुठे पकडता येईल, हे शोधण्याची.

आपल्या समाजाशी त्यांचा संबंध मात्र याहूनही जुना. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या कौतुकाची सभा भरली होती. त्या सभेत दादा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाला भेट दिले, ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येक उपासक-उपासिकेला पाठ आहे. त्या सभेचे अध्यक्ष कोण होते? हेच सी. के. बोले. पुढे वीस वर्षांनी तो मुलगा आणि हे अध्यक्ष मुंबईच्या कायदे कौन्सिलात सहकारी म्हणून बसणार होते.

आता या कौन्सिलाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर बोल्यांनी काय केले ते नीट कळायचे नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला गेला. तिजोरी, पोलीस, जमीनमहसूल ही खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, आरोग्य, नगरपालिका, लोकलबोर्डे ही खाती मंत्र्यांकडे. पैसा एकाच्या हातात आणि शाळा दुसऱ्याच्या, असा तो कारभार. सभासदांना प्रश्न विचारता येत, बजेटावर बोलता येई, एखाद्या खात्याच्या मागणीत कपात सुचवता येई, ठराव मांडता येई. पण ठराव पास झाला तरी ती सरकारला केलेली शिफारस. पाळलीच पाहिजे असे सरकारवर बंधन नव्हते. अशा लुळ्या हत्याराने बोल्यांना काम करायचे होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी तो प्रसिद्ध ठराव कौन्सिलात संमत झाला. त्याचा आशय असा की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांच्या ताब्यातल्या सगळ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत. ही शब्दरचना जरा थांबून बघा. यात धर्मशास्त्राचा शब्द नाही, दयेचा नाही, अस्पृश्यता पाप आहे की पुण्य याचाही नाही. पैसा कोणाचा, एवढेच त्यात विचारले आहे. विहीर सरकारी पैशाने खणली ना? मग तो पैसा महारामांगांनी भरलेल्या करातूनही आला. ज्याचा पैसा त्याचे पाणी! मोठमोठ्या सुधारकांनी मनपरिवर्तनाच्या गोष्टी सांगाव्यात आणि या माणसाने हिशेबाची वही उघडावी, हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

सरकारने ठराव मान्य केला. ११ सप्टेंबर १९२३ ला आपल्या सर्व खात्यांच्या प्रमुखांना त्याप्रमाणे वागण्याविषयी हुकूम काढला आणि कलेक्टरांमार्फत तो नगरपालिका-लोकलबोर्डांकडे विचारार्थ धाडला. विचारार्थ! इथेच पाणी मुरले. सरकारच्या स्वतःच्या कचेऱ्यांना हुकूम, आणि जिथे खरी विहीर, खरी शाळा, तिथे मात्र नुसती विनंती. बहुतेक ठिकाणी तो कागद फायलीत जाऊन पडला. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास आपली हरकत नाही असे कळवले. चांगले केले. पण त्या ठरावाने एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी आले नाही, कारण तळ्यावर जायची हिंमत कोण करणार, आणि गेला तर त्याच्या पाठीशी कोण उभा राहणार, हे ठरावात कुठे लिहिलेले नव्हते.

बोल्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर ठराव पास झाला म्हणून सत्कार घेऊन घरी बसला असता. (असे सत्कार आपणही पुष्कळ पाहिले आहेत.) बोले तीन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे १९२३ च्या ठरावाची अंमलबजावणी करायला नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

आमच्या मते बोल्यांच्या कारकिर्दीचा गाभा या दुसऱ्या ठरावात आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. नगरपालिकेची शाळा नुसत्या घरपट्टीवर चालत नव्हती. सरकारी ग्रँटचा मोठा टेकू तिला होता. त्यातच १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारने स्थानिक मंडळांच्या हाती दिला. त्या मंडळांत बसलेले कोण, तर गावचेच पाटील, सावकार, वकील. शाळा त्यांच्या हाती आली आणि आपली मुले ओट्यावर, उन्हात, पावसात, वर्गाच्या बाहेर. मास्तरने छडी लावायची तीही लांबून. अशा मंडळींना पत्राने विनंती करून काय होणार? पण ग्रँटचा हप्ता अडला की मास्तरांचा पगार अडतो, पगार अडला की गावात बोंब होते, आणि मग त्याच सभासदांना उत्तर द्यावे लागते. अधिकाराला पैशाची दोरी बांधली तरच तो हलतो, हे बोल्यांनी ओळखले होते. सरकारलाही त्यांनी त्यात अडकवले. कारण जी संस्था आपला शब्द पाळत नाही तिला पैसे देत राहायचे, म्हणजे तिच्या पापात आपणही वाटेकरी व्हायचे. आता सरकार कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तरीही सरकारने हात आखडताच ठेवला. गावोगावचे पुढारलेले वर्ग दुखवायची साहेबाची तयारी नव्हती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, बाबासाहेब सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले. बोल्यांनी जी वही उघडली होती, तिच्यातली पाने बाबासाहेबांनी एकेक करून वाचायला घेतली असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. १२ मार्च १९२७ ला शिक्षणखात्याच्या मागणीवर ते बोलले. सरकारच्याच अहवालांतले आकडे त्यांनी सरकारपुढे ठेवले. माणशी शिक्षणावर खर्च चौदा आणे, आणि दारू-ताडीवरच्या करातून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर! निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची साधी मागणी होती. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा, हे त्यांनी दाखवले. प्रगती याच चालीने होत राहिली तर शाळेच्या वयाची सगळी मुले शिकायला चाळीस वर्षे लागतील आणि मुलींना तीनशे वर्षे, हेही त्यांनी सांगितले. तीनशे वर्षे! आपल्या आज्यांच्या पिढीचा तो हिशेब होता.

तारखा नीट लक्षात घ्या, कारण यात मोठा अर्थ आहे. १२ मार्चला कौन्सिलात बजेटावरचे भाषण, आणि २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी. मध्ये फक्त आठ दिवस. एकीकडे सरकारला जाब, दुसरीकडे लोकांच्या पायांनी त्या जाबाची वसुली. महाडला बाबासाहेब हवेत उभे नव्हते, त्यांच्या हाती बोल्यांचा १९२३ चा ठराव आणि नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. म्हणूनच विरोधकांना घाम फुटला. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. योगायोग असा की बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात तर काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली आणि तळे खाजगी मालकीचे आहे असे सांगू लागली. का? तर सार्वजनिक म्हटले की बोल्यांचा मुद्दा लागू पडतो. तो दावा मुंबई हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूने निकालात निघाला. एका तळ्यासाठी दहा वर्षे.

दरम्यान कौन्सिलातले काम थांबले नव्हते. डॉ. पु. गो. सोळंकी यांनी लावून धरल्यावर १९२८ मध्ये सरकारने स्टार्ट कमिटी नेमली. सोळंकी आणि बाबासाहेब दोघेही तिच्यावर होते. १९३० साली तिचा अहवाल आला. शाळांत, पाणवठ्यांवर, गाडी-मोटारीत अजून काय काय चालले आहे ते त्यात सरकारी कागदावरच नोंदले गेले.

बोल्यांविषयी सगळे गोडच लिहावे असा आमचा हेतू नाही. पुढच्या आयुष्यात ते हिंदुमहासभेकडे वळले. हिंदू धर्मात राहूनच सुधारणा होईल अशी त्यांची श्रद्धा होती, आणि बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर वाटा वेगळ्या झाल्या. तो त्यांचा मार्ग आपला नव्हे. म्हणून १९२३ आणि १९२६ चे त्यांचे काम पुसून टाकायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने ज्या दिवशी जे केले, ते त्याच्या खात्यावर जमा धरावे.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे, आणि ते पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालवलेले असोत अशा अर्थाचे शब्द आहेत. एकोणतिसाव्या कलमात सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने केवळ जातीमुळे कोणाला प्रवेश नाकारू नये असे सांगितले आहे. घरात संविधानाची प्रत असेल तर ही दोन कलमे आज रात्री काढून वाचा, आणि बोल्यांच्या दोन्ही ठरावांशेजारी ठेवून बघा. पहिल्या ठरावात विहीर होती, दुसऱ्यात ग्रँट. शिफारस म्हणून जे मांडले गेले होते, ते सत्तावीस वर्षांनी हक्क होऊन आले, आणि मसुदा समितीच्या अध्यक्षपदी होता तोच १९०७ च्या सभेतला मुलगा.

हे पाहायला बोले हयात होते. १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा झाला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही ते होते. १९६१ साली ते वारले. दादर पश्चिमेला, चैत्यभूमीपासून फार लांब नाही, एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.