टायरमधलं कापड

मागच्या गॅदरिंगला जनरेटर घेऊन येणारी पिकअप हॉस्टेलच्या चढावरच बसली होती, आठवतंय ना? मागचा टायर फुटला आणि स्टेज रात्री साडेनऊपर्यंत अंधारात! ड्रायव्हरकाका हैराण, कारण टायर नवा होता, साइजही बरोबर. मोबाईलच्या उजेडात आम्ही वाचलं तर साइजपुढे लोडचा आकडा होता १००. तो आकडा काय असतो हे शोधता शोधता मी चक्क एका जनावरांच्या डॉक्टरपर्यंत पोचले. (मी कॉन्व्हेंटची, शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत.)

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. एडिंबरोला पशुवैद्यकीचं शिक्षण घेऊन ते १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये प्रॅक्टिस चांगली जमली. इंजिनिअरिंगशी संबंध शून्य. १८८७ मध्ये त्यांचा दहाएक वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकलवर दगडी रस्त्याने फिरायचा. चाकं कडक, हाडं खिळखिळी. मग डनलॉपनी एक लाकडी तबकडी घेतली, तिच्या कडेला रबराची नळी बसवली, वरून लिननचं कापड गुंडाळून खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. सायकलचं जुनं चाक आणि ही तबकडी, दोन्ही अंगणात ढकलून दिली. जुनं चाक मध्येच आडवं झालं. तबकडी थेट फाटकापर्यंत गेली आणि आपटून परत उसळली!

आपण सगळे रबर रबर करतो, पण माझ्या मते खरा हीरो ते कापड आहे. नुसती रबरी नळी फुग्यासारखी फुगत जाते. कापड तिला आवरतं, म्हणून आत प्रेशर टिकतं, आणि ओझं पेलते ती ही दाबलेली हवा. जास्त ओझं पेलायचं तर जास्त प्रेशर, आणि ते धरायला जास्त मजबूत कापड. पूर्वी सुती कापडाचे थर मोजायचे, त्यावरून ६ प्लाय, ८ प्लाय अशी नावं पडली. आज रेडियलमध्ये थर एकदोनच असतात, पण ८ प्लाय हे नाव ताकदीचं माप म्हणून चालूच आहे. (व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.)

१८८८ मध्ये डनलॉपना पेटंट मिळालं. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती मारल्या. हार्वे द्यू क्रॉ यांच्याबरोबर डब्लिनमध्ये कंपनी निघाली. आणि मग बॉम्ब पडला. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं! डनलॉपचं पेटंट बाद. कंपनी रिमच्या आणि टायर बसवायच्या दुसऱ्या पेटंटांवर तगली. १८९५ मध्ये डनलॉप बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. बिचारे! नाव त्यांचं, पैसा दुसऱ्यांचा.

ट्रकवाले मात्र बरीच वर्षं भरीव रबरावरच होते, कारण ट्रकच्या ओझ्याला पुरेल असं कापडच नव्हतं. १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने हवेच्या टायरवर अॅक्रन ते बोस्टन ट्रक नेला, तेव्हा वाटेत टायर फुटत राहिले. डनलॉप तेव्हा डब्लिनमध्ये हयात होते. १९२१ मध्ये, ८१ व्या वर्षी ते गेले.

आता काकांची गाडी. लोडचा १०० म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो, तेही प्रेशर पूर्ण असेल तर. गाडी भरून वजनकाट्यावर मागचा अॅक्सल मोजला तर १८०० किलो. म्हणजे टायरमागे ९००. इथेच गणित चुकलं! हवा वाढवून १०० चा १०४ होत नाही, कारण कापड तेच राहतं. ओव्हरलोड टायर जास्त वाकतो, तापतो, थर सुटतात आणि फुटतो. आकडा १०४ असेल तर बरोबर ९०० किलो, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. १०६ ला ९५०. पुढे तिरकी रेघ आणि दुसरा छोटा आकडा दिसला, तर तो मागे डबल टायर असणाऱ्या गाड्यांसाठी.

काकांनी मागे १०६ ची जोडी टाकलीय. या वर्षीही जनरेटर त्यांच्याच गाडीतून येणार आहे.