होसे तोरिबियो मेदिना

होसे तोरिबियो मेदिना (जन्म : सान्तियागो, २१ ऑक्टोबर १८५२, मृत्यू : सान्तियागो, ११ डिसेंबर १९३०) हे चिली देशातील इतिहाससंशोधक, ग्रंथसूचिकार, नाणेशास्त्रज्ञ आणि मुद्रक होते. स्पॅनिश अमलाखालील अमेरिका खंडाच्या इतिहासाची साधने गोळा करणे, ती तपासणे आणि छापून सर्वांसाठी खुली करणे हे त्यांचे आयुष्यभराचे कार्य होते. छापखान्यांचा इतिहास व ग्रंथसूची या क्षेत्रांत त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. तथापि वसाहतकालीन चांदीची नाणी व पदके यांच्या अभ्यासातही त्यांचे काम पायाभूत मानले जाते. जुने नाणे हा केवळ जपून ठेवण्याचा जिन्नस नसून तो इतिहासाचा साक्षीदार आहे आणि इतर साक्षीदारांप्रमाणे त्याचीही उलटतपासणी झाली पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या या लेखनामागे दिसते.

जन्म व शिक्षण

मेदिना यांचे वडील न्यायखात्यात होते आणि मुलाने वकिली करावी अशी त्यांची अपेक्षा होती. मेदिना यांचे शिक्षण सान्तियागो येथील ‘इन्स्तितुतो नासियोनाल’ या नामवंत विद्यालयात झाले. इतिहासकार दिएगो बार्रोस आराना हे तेथील प्रमुख होते. १८७३ मध्ये मेदिना वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु त्यांचा ओढा प्रथमपासून साहित्य, निसर्गविज्ञान आणि इतिहास यांकडेच राहिला. अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या ‘इव्हँजेलिन’ या काव्याचा त्यांनी केलेला स्पॅनिश अनुवाद १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी पेरू देशातील लिमा येथे चिलीच्या वकिलातीत त्यांची सचिवपदी नेमणूक झाली. लिमा ही दीर्घकाळ स्पॅनिश व्हाइसरॉयची राजधानी होती. जुने ग्रंथ व कागदपत्रे यांची त्यांना गोडी लागली ती येथेच. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील प्रदर्शन पाहून ते पुढे युरोपात गेले आणि लंडन, पॅरिस व स्पेन येथील ग्रंथालये व दफ्तरखाने त्यांनी पाहिले. १८७७ मध्ये ते मायदेशी परतले. दुसऱ्याच वर्षी वसाहतकालीन चिलीच्या साहित्याचा त्यांनी लिहिलेला इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

संशोधनकार्य

१८७९ मध्ये चिलीचे पेरू व बोलिव्हिया यांच्याशी युद्ध सुरू झाले. त्यात मेदिना यांनी लष्कराचे न्यायाधिकारी म्हणून आणि नंतर न्यायाधीश म्हणून काम केले. १८८२ मध्ये चिलीच्या मूळ रहिवाशांविषयीचा त्यांचा ग्रंथ निघाला. १८८४ मध्ये ते माद्रिद येथील वकिलातीत सचिव म्हणून रुजू झाले. या वास्तव्यात त्यांनी सिमान्कास व सेव्हिल येथील सरकारी दफ्तरखाने धुंडाळून हजारो कागदांच्या नकला करून घेतल्या. सेव्हिलच्या ‘इंडीज अभिलेखागारा’त अमेरिकेतील वसाहतींचा तीन शतकांचा कारभार जतन झालेला आहे. टांकसाळींचे हुकूम, अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि चौकश्यांचे अहवाल हे सारे त्या कारभाराचाच भाग होते.

१८८६ मध्ये त्यांचा विवाह मेर्सेदेस इबान्येस यांच्याशी झाला. नकला उतरवणे, मुद्रिते तपासणे आणि टिपणांची मांडणी करणे या कामांत त्यांनी पतीला अखेरपर्यंत साथ दिली. मेदिना यांनी सान्तियागो येथील राहत्या घरीच छापखाना उभारला. आधी ‘एर्सिया’ व पुढे ‘एल्झेव्हिरियाना’ या नावाने तो ओळखला जाई. ग्रंथांच्या प्रती थोड्याच निघत. मात्र मजकूर जमवण्यापासून तो छापून काढण्यापर्यंतचे सारे काम एकाच छपराखाली चाले.

देशत्याग

१८९१ मध्ये चिलीत यादवी युद्ध झाले. मेदिना यांची सहानुभूती राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदा यांच्या बाजूला होती आणि त्याच बाजूचा पराभव झाला. मेदिना यांच्यावर संशयाची छाया पडली व त्यांना देश सोडून आर्जेन्टिनात जावे लागले. घर, छापखाना व संग्रह मागे राहिला असतानाही त्यांचे काम थांबले नाही. रिओ दे ला प्लाता प्रांतातील मुद्रणाच्या इतिहासावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८९२ मध्ये ला प्लाता येथील संग्रहालयाने प्रसिद्ध केला. तेथून ते पुन्हा स्पेनला गेले आणि काही वर्षांनी स्वदेशी परतले. ज्या राज्यकर्त्यांच्या काळात त्यांना देश सोडावा लागला होता, त्यांच्याच देशाच्या इतिहासाची साधने त्यांनी पुढेही त्याच निष्ठेने छापली. चिलीच्या इतिहासाच्या अप्रकाशित कागदपत्रांची त्यांची ३० खंडांची मालिका १९०२ मध्ये पूर्ण झाली.

नाणी व पदके

स्पॅनिश अमेरिकेतील चांदीच्या नाण्यांचा इतिहास सोळाव्या शतकापासून सुरू होतो. मेक्सिकोच्या टांकसाळीत १५३६ मध्ये नाणी पडू लागली. पुढे लिमा आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथेही टांकसाळी निघाल्या. यांतील सर्वांत मोठे चांदीचे नाणे म्हणजे आठ रियालचे, वजनाने सुमारे २७ ग्रॅम. आरंभीची नाणी चांदीचे तुकडे कापून त्यांवर घणाने छाप उमटवून केली जात. त्यामुळे त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असत आणि अर्धीअधिक अक्षरे उमटतच नसत. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावर गोल नाणी निघू लागली. त्यांवर हर्क्युलिसचे दोन स्तंभ व त्यांच्या मध्ये पृथ्वीचे दोन गोल असत.

ही नाणी जगभर फिरली. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती सुरतेला आणि गोव्यालाही येत. सुरतेच्या मोगल टांकसाळीत ती वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. एखाद्या ठिकाणी किती नाणी आली, हे केवळ उरलेल्या नाण्यांवरून ठरवता येत नाही, याचे हे एक उदाहरण होय.

नाण्यावर राजाचे नाव, टांकसाळीची खूण आणि चांदीचा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे असत. ही आद्याक्षरे म्हणजे कसाची हमी. परंतु हमी देणाराच अप्रामाणिक निघाला तर काय होते, हे पोतोसीच्या इतिहासात दिसते. तेथे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात चांदीत तांबे मिसळून हिणकस नाणी पाडली जात होती. राजाने पाठवलेल्या चौकशी अधिकाऱ्याने हा प्रकार उघडकीस आणला. १६५० मध्ये यातील प्रमुख व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा यास देहदंड झाला. जुन्या नाण्यांवर नवे शिक्के मारून त्यांची किंमत उतरवण्यात आली आणि १६५२ पासून नव्या घडणीची नाणी सुरू झाली. १७७२ मध्ये नाण्यांवर राजाचा मुखवटा आला, तेव्हा खुद्द राजाच्याच गुप्त हुकुमाने चांदीचा कस सुमारे ९१७ वरून ९०३ सहस्रांशांवर आणला गेला होता. नाणे हातात घेऊन पाहणाऱ्यास यातले काहीच कळत नसे. ते कळते दफ्तरातील कागदावरून. नाणे आणि कागद एकमेकांसमोर ठेवण्याची आवश्यकता अशा प्रसंगांतून स्पष्ट होते.

मेदिना यांच्याकडे दोन्ही साधने होती. ते स्वतः नाणी व पदके जमवत आणि त्याच वेळी त्यांच्या संग्रही दफ्तरखान्यांतील नकलाही होत्या. वसाहतकालीन पदकांवरील त्यांचे पुस्तक १९०० मध्ये, चिलीच्या पदकांवरील १९०१ मध्ये आणि चिलीच्या नाण्यांवरील १९०२ मध्ये निघाले. सान्तियागोच्या टांकसाळीची सनद १७४३ मध्ये फ्रान्सिस्को गार्सिया दे उइदोब्रो या खाजगी व्यापाऱ्यास मिळाली आणि १७४९ मध्ये तेथे पहिले नाणे पडले; पुढे राजसत्तेने ती टांकसाळ आपल्या ताब्यात घेतली. टांकसाळीसाठी वास्तुविशारद होआकिन तोएस्का यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली इमारत ‘ला मोनेदा’ याच नावाने आज चिलीच्या राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय म्हणून प्रसिद्ध आहे.

१९१२ मध्ये त्यांनी वसाहतकालीन नाणेशास्त्रविषयक ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. नवा राजा गादीवर आला की अमेरिकेतील शहरांत त्याच्या नावाने द्वाही फिरवली जाई आणि त्या प्रसंगी चांदीची पदके पाडून लोकांत उधळली जात. अशा पदकांवरील त्यांचे पुस्तक १९१७ मध्ये निघाले. १९१९ मध्ये स्पॅनिश अमेरिकेतील वसाहतकालीन नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रज आरमारप्रमुख व्हर्नन यांच्या पदकांवरील पुस्तकही त्याच वर्षीचे.

व्हर्नन यांच्या पदकांची हकीकत बोलकी आहे. व्हर्नन यांनी १७३९ मध्ये सहा जहाजांनिशी पोर्तोबेलो बंदर जिंकले आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाची असंख्य पदके निघाली. १७४१ मध्ये त्यांनी कार्ताहेनाला वेढा घातला. विजय मिळालाच, अशा समजुतीने शहराचे रक्षण करणारे ब्लास दे लेसो गुडघे टेकून शरण जात असल्याचे चित्र पदकांवर घालण्यात आले. प्रत्यक्षात शहर पडले नाही आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली. घडलेली पदके मात्र तशीच राहिली. धातूवर कोरलेली गोष्ट खरीच असते हा समज ही पदके खोटा ठरवतात.

अन्य ग्रंथसंपदा

मेदिना यांचे लहानमोठे सुमारे ४०० ग्रंथ व पुस्तिका प्रसिद्ध आहेत. त्यांतील ‘बिब्लियोतेका इस्पानो-अमेरिकाना’ ही सात खंडांची ग्रंथसूची, लिमा येथील मुद्रणावरील चार खंड, मेक्सिकोतील मुद्रणावरील आठ खंड आणि लिमा, चिली, मेक्सिको, कार्ताहेना इत्यादी ठिकाणच्या धर्मन्यायालयांचे इतिहास विशेष महत्त्वाचे मानले जातात. सोळाव्या शतकातील कवी एर्सिया यांच्या ‘ला आराउकाना’ या महाकाव्याची सटीप आवृत्तीही त्यांनी काढली.

संग्रहाचे दान व अखेर

१९२५ मध्ये मेदिना यांनी आपला ग्रंथसंग्रह चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दान केला. त्यात सुमारे २२,००० छापील ग्रंथ आणि हस्तलिखिते व नकलांचे सुमारे ५०० खंड होते. हा संग्रह फुटून विखुरला गेला असता तर त्यातील दुर्मिळ ग्रंथ वेगवेगळ्या हाती जाऊन त्यांचा परस्परसंबंध तुटला असता. सान्तियागोच्या ग्रंथालयात तो ‘साला मेदिना’ या स्वतंत्र दालनात एकत्र ठेवलेला असून आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. ११ डिसेंबर १९३० रोजी मेदिना यांचे सान्तियागो येथे निधन झाले.

मूल्यमापन

मेदिना यांच्या लेखनात कागदपत्रांची समृद्धी जितकी आहे तितका निष्कर्षांचा विस्तार नाही. मूळ साधन वाचकापुढे ठेवावे आणि अर्थ लावण्याचे काम पुष्कळसे त्याच्यावर सोपवावे, असा त्यांचा कल होता. नाण्यांच्या बाबतीत पुढील काळात बरीच नवी माहिती मिळाली. १७१५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातील आणि १६२२ मध्ये बुडालेल्या ‘आतोचा’ जहाजावरील नाणी त्यांच्या निधनानंतर काही दशकांनी मोठ्या प्रमाणात समुद्रातून वर काढण्यात आली. त्यामुळे त्यांच्या याद्यांत भर पडणे व दुरुस्त्या होणे अपरिहार्य होते. बुडालेल्या जहाजांतील नाणी आज लिलावात विकली जातात आणि ती कोठून, कोणत्या थरातून आली याची नोंद अनेकदा नाण्यापासून दुरावते. अशी नोंद एकदा हरवली की नाण्याची चांदी उरते, पण त्याची साक्ष दुबळी होते. ही साक्ष टिकवण्यासाठी नाण्यासोबत त्याचा कागदही जपला पाहिजे, हे मेदिना यांच्या कार्याचे सार आहे.