तुकोबांचा तगादा

बँकेत असताना एका दुष्काळी वर्षी मी वसुलीसाठी एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. ओसरीवर विठ्ठलाची तसबीर होती, पण तोंड भिंतीकडे. बायको त्याच महिन्यात गेली होती. नोटीस खिशातच ठेवून मी परतलो. तुकोबांची गाथा उघडली की ती पाठमोरी तसबीर मला हटकून आठवते.

देहूच्या मोरे घराण्यात विठ्ठलाची पूजा पिढीजात, तशीच सावकारीही. १६०८च्या सुमारास जन्मलेल्या तुकोबांचे आईवडील लवकर गेले. थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन घराबाहेर पडला. दुकान, येणी-देणी सारे कोवळ्या खांद्यांवर आले. त्यात १६३०चा दुष्काळ. दिवाळे निघाले. दम्याने खंगलेली पहिली बायको रखमाबाई उपाशीपोटी गेली, मुलगा संतूही गेला.

दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने छळले तेही बरे झाले, असे तुकोबा पुढे देवाला ऐकवतात. कीर्तनकार त्यात वैराग्य दाखवतात. असेलही. मला मात्र त्या 'बरे'त दात आवळलेले दिसतात. कारण याच माणसाने दुसऱ्या एका अभंगात आपल्यापुरता देव मेला असे लिहून ठेवले आहे. आता बोलणे नाही, नाव घेणे नाही, संबंध तुटला. आणि एवढे सांगायचे कोणाला, तर त्यालाच! त्या शेतकऱ्यानेही तसबीर फिरवली होती, खाली उतरवली नव्हती.

धाकट्या कान्होबाला त्याचा वाटा देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे महिपतीने लिहिले आहे. जन्मभर कर्जखाती सांभाळलेल्या मला ते वाचताना आजही धस्स होते. माणसांकडचे येणे त्यांनी असे एका दिवसात सोडले. देवाकडचे मात्र नाही.

पुढे रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्याच त्या नदीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, अशी परंपरा आहे. त्या प्रसंगाच्या अभंगांत विनवणी थोडी आणि तगादा फार. दगडाची खोळ पांघरून बसलास काय, असे ते पांडुरंगाला विचारतात. आणि आता इथेच प्राण सोडतो, हत्येचे पाप तुझ्या माथी, असे बजावतात.