विश्लेषण : बीएमआयचा जनक खगोलशास्त्रज्ञ! मग हे सूत्र लठ्ठपणाशी कसं जोडलं गेलं?

मोबाइलवर वजन आणि उंची टाकली की बीएमआयचा आकडा येतो आणि आपण लठ्ठ आहोत की नाही, हे ठरतं. पण हे सूत्र मांडणारे अडॉल्फ केतले डॉक्टर नव्हते आणि लठ्ठपणा हा त्यांचा विषयही नव्हता.

कोण होते केतले?

जन्म २२ फेब्रुवारी १७९६, आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात. सात वर्षांचे असताना वडील गेले. १८१९ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. ब्रसेल्समध्ये वेधशाळा उभारायची म्हणून १८२३ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे खगोलशास्त्राबरोबरच संभाव्यतेचं गणितही शिकले.

ताऱ्यांकडून माणसांकडे कसे वळले?

एकाच ताऱ्याचं स्थान अनेकदा मोजलं, तर नोंदी सरासरीभोवती गोळा होतात. माणसांच्या मापांतही केतलेंना हेच दिसलं. १८३५ च्या ग्रंथात त्यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हेही त्यांनी दाखवलं. १८५५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, स्मरणशक्ती कमी झाली; तरी काम सुरूच राहिलं. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचं निधन झालं.

लठ्ठपणा कधी जोडला गेला?

१९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी याच सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. वजन किलोत, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग. ८० किलो आणि १.६ मीटर असेल, तर ३१.२५. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ३० पासून पुढे लठ्ठपणा; भारतीयांसाठी तज्ज्ञ २५ ची मर्यादा सुचवतात.

हा आकडा काय सांगत नाही?

केतलेंनी समूह मोजला, एकेक माणूस नाही. बीएमआय ३१ असलेली एक व्यक्ती रोज डोंगर चढते, तर तेवढाच आकडा असलेल्या दुसरीला जिना चढताना धाप लागते आणि टोमण्यांच्या भीतीने ती लग्नकार्यालाही जात नाही. हा फरक टिपण्यासाठी जीवनमानाच्या प्रश्नावल्या वापरतात. लठ्ठपणासाठीच्या एका प्रचलित प्रश्नावलीत ३१ प्रश्न असून हालचाल, आत्मसन्मान, लैंगिक जीवन, चारचौघांतला त्रास आणि काम असे पाच भाग आहेत. गुण ० ते १००. जास्त गुण म्हणजे जगणं अधिक सुसह्य.

रुग्णाने काय करावं?

केवळ बीएमआयवरून निदान करू नये, असं २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयोगानेही सुचवलं. त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यावर वजनासोबत झोप, गुडघेदुखी, दम आणि मनावरचा ताणही सांगा. उपचारांचा उपयोग होतोय का, हे ठरवताना या गोष्टीही मोजाव्या लागतात.