आडनाव : विद्यार्थी

मागच्या वर्षी टेक-फेस्टसाठी आम्ही चौघं कानपूरला गेलो होतो. आमचा रोबोट पहिल्याच राउंडला बंद पडला, त्यामुळे शहर बघायला भरपूर वेळ मिळाला! रिक्षातून जाताना मेडिकल कॉलेजची पाटी दिसली, त्यावर नाव होतं गणेश शंकर विद्यार्थी. मी बिनधास्त विचारलं, हा कुठल्या वर्षाचा विद्यार्थी? रिक्षावाले चाचा माझ्याकडे असं काही बघत राहिले की रूमवर परतल्यावर आधी त्यांची माहिती वाचून काढली.

जन्म 26 ऑक्टोबर 1890, अलाहाबाद. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची, शिक्षण अर्धवट सुटलं. पण माणूस जन्मभर शिकतच असतो, या भावनेनं त्यांनी नावापुढे 'विद्यार्थी' लावलं. 1913 मध्ये कानपूरला 'प्रताप' साप्ताहिक काढलं. रायबरेलीच्या शेतकऱ्यांवर 1921 मध्ये गोळीबार झाला, तेव्हा जमीनदाराचं नाव घेऊन लिहिलं आणि त्यापायी तुरुंगात गेले. भगतसिंग याच 'प्रताप'मध्ये टोपणनावानं लिहीत असत.

कानपूर तेव्हा गिरण्यांचं आणि चामड्याच्या कारखान्यांचं शहर होतं. कामगार दाटीवाटीच्या हात्यांमध्ये राहायचे. गिरणीत चिकटायचं तर मिस्त्रीची ओळख लागे, आणि मिस्त्री आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आधी घेई. म्हणजे पोटासाठी आधी आपला गट धरायचा! त्यात 1929 नंतर जागतिक मंदी आली, धंदे बसले. दोन्ही धर्मांच्या संघटना आधीपासून गल्लोगल्ली माणसं जमवत होत्याच. विद्यार्थी मात्र कामगारांना एकत्र आणत होते. 1919 च्या गिरणी संपात ते पुढे होते, आणि त्या संपात हिंदू-मुसलमान दोघंही होते. भूक एकच आहे हे ज्याला कळतं, त्याला भडकवणं अवघड जातं, असं मला वाटतं.

23 मार्च 1931. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फासावर गेले. दुसऱ्या दिवशी कानपुरात हरताळ झाला. काही मुसलमान दुकानदारांनी दुकानं बंद करायला नकार दिला, बाचाबाची झाली आणि बघता बघता शहर पेटलं. ज्यांचं हौतात्म्य सगळ्यांचं, त्यांच्याच नावानं निघालेल्या हरताळातून हे घडलं! शेकडो माणसं मेली.

विद्यार्थी नुकतेच तुरुंगातून सुटले होते. 25 मार्चला ते बंगाली मोहालमध्ये अडकलेल्या मुसलमान कुटुंबांना सुखरूप बाहेर काढत होते. मग मुसलमान वस्तीत हिंदू अडकल्याचं कळलं, तर तिकडे धावले. तिथेच जमावानं त्यांना मारलं. वय अवघं चाळीस. काही दिवसांनी हॉस्पिटलमधल्या मृतदेहांच्या ढिगात ते सापडले.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? गेल्या सेमिस्टरला कँपस इंटरव्ह्यूत मोजक्याच मुलांना नोकऱ्या लागल्या. आठवड्याभरात आमच्या विंगमध्ये 'आपले' आणि 'ते' सुरू झालं. मेसमधली टेबलं वेगळी झाली. 'त्यांच्या'बद्दलचा एक मेसेज मीही न तपासता चार ग्रुपवर टाकला. तो खोटा निघाला. खरं तर नोकऱ्या कमी होत्या, त्यात समोरच्या रूममधल्या मुलाचा काय दोष? त्यालाही नोकरी लागली नव्हतीच!

दंगल पेटते एका दिवसात, पण तिचं सरपण आधीच रचलेलं असतं. त्यातली एक काडी मी ठेवली होती.

परवा त्याच्या रूमवर गेलो आणि माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, चल, मेसला उशीर होतोय. आम्ही एकाच टेबलवर जेवलो. बाकीची टेबलं अजून वेगळीच आहेत, मित्रांनो.