संगीतसूर्य केशवराव

कोल्हापूरचे खासबाग मैदान हे मल्लांचे मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधविले. मध्ये तांबड्या मातीचा हौद आणि सभोवार उंच होत गेलेली प्रेक्षकांची जागा, अशी त्याची रचना आहे. एरवी तेथे शड्डू घुमायचे. परंतु एके रात्री त्या मैदानात कुस्ती नव्हती, नाटक होते. महाराजांच्या इच्छेवरून ‘मृच्छकटिक’ या संगीत नाटकाचा प्रयोग उघड्या आभाळाखाली लागला होता. ज्यांना तिकीट काढून नाटकगृहात बसणे कधी परवडले नसते असे हजारो लोक तो पाहण्यास लोटले होते. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. भिंती नाहीत, छप्पर नाही, आवाज अडवून धरील असे काहीच नाही. अशा जागी गाणाऱ्याचा स्वर चार ओळींपलीकडे पोचणे कठीण! तरीही त्या रात्री शेवटच्या रांगेतील माणसानेदेखील गाणे ऐकले. गाणाऱ्याचे नाव होते केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात एका सामान्य मराठा कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यात वडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि मुलांना वाढविण्याचा भार आईवर पडला. त्या सुमारास ‘स्वदेशहितचिंतक’ ही नाटक मंडळी गावोगाव नाटके करीत हिंडत असे. तिच्यात थोरले बंधू दत्तोपंत व त्यांच्यासह लहानगा केशव दाखल झाला. ज्या वयात मुले आईचा पदर सोडीत नाहीत, त्या वयात केशव नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी राहू लागला.

नाटक मंडळीतील मुलांचे जीवन फारसे सुखाचे नसे. आज या गावी, तर उद्या त्या गावी मुक्काम. दिवसा तालीम, रात्री प्रयोग. त्या वेळी नाटके रात्री सुरू होत, ती संपता संपता कोंबडा आरवे. शाळेचे तोंड पाहण्याची सवड कोठून मिळणार? केशवाचे शिक्षण झाले ते तालमीच्या ओसरीवर. मोठी मुले शिकत असलेली पदे तो कोपऱ्यात बसून ऐके आणि ती त्याला आपोआप मुखोद्गत होत. त्याचा आवाज उंच, खणखणीत आणि निर्मळ होता.

त्या काळी स्त्रिया सहसा रंगभूमीवर येत नसत. नाटकांतील नायिका मुलगे अथवा पुरुषच होत. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ हे नाटक 1899 साली रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्रभर गाजू लागले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या एका कोवळ्या मुलीची ती करुण कहाणी आहे. ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीही ते नाटक करीत असे. पुढे त्या मंडळीत शारदा होणारा नट मंडळी सोडून गेला. नाटक तर लोकप्रिय; मग आता शारदा कोण होणार? मालकांची दृष्टी केशवावर गेली. दहाबारा वर्षांचा तो पोर नऊवारी लुगडे नेसून रंगभूमीवर उभा राहिला आणि त्याने शारदेची पदे म्हणण्यास प्रारंभ केला, तेव्हा प्रेक्षक तल्लीन झाले. त्याच्या वयामुळे शारदेचे दुःख अधिकच खरे वाटे. ज्या पोरक्या मुलाने घर सोडून असे दिवस काढले होते, त्याला त्या अगतिक मुलीचे मन कळले असल्यास त्यात नवल ते काय? त्या भूमिकेने केशवाचे नाव सर्वतोमुखी झाले.

मुलगा मोठा झाला तसा मानी झाला. मंडळीचा गल्ला आपल्या गाण्यावर भरतो. पण मंडळीत आपणांस किंमत नाही, हे त्याला खुपू लागले. अखेर तो बाहेर पडला. हाती पैसा नव्हता; मात्र गळा होता आणि जिद्द होती. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीची स्थापना झाली. मालक केशवराव भोसले! त्या दिवशी या मालकाच्या वयास अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

नवी मंडळी चालविणे म्हणजे काय, हे तो संसार केलेलेच जाणतात. नट, वादक, पडदे, कपडे, मुदपाकखाना, गावोगावचा प्रवास या सर्वांचा खर्च रोजचा आणि उत्पन्न मात्र प्रेक्षकांच्या मर्जीवर अवलंबून! केशवरावांनी हा गाडा नेटाने ओढला. एवढेच नव्हे, तर मिळालेल्या कीर्तीवर न विसंबता ते पुन्हा विद्यार्थी झाले. रामकृष्णबुवा वझे हे त्या काळचे थोर गवई. त्यांच्याकडून केशवरावांनी तालीम घेतली. निसर्गाने दिलेल्या गळ्याला विद्येची जोड मिळाली आणि त्यांच्या ताना विजेसारख्या चमकू लागल्या.

नाटकांची निवड करतानाही त्यांनी धाडस दाखविले. हिराबाई पेडणेकर या स्त्रीने लिहिलेले ‘दामिनी’ हे नाटक त्यांनी 1912 साली रंगभूमीवर आणले. स्त्रीने नाटक लिहावे ही गोष्ट तेव्हा अनेकांना रुचणारी नव्हती. देशभक्त वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नाटकात केशवरावांनी मृणालिनीची भूमिका केली. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या दुष्ट चालीवर कोरडे ओढणारे नाटकही ‘ललितकलादर्श’नेच प्रथम केले.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरे एक नाव घरोघरी दुमदुमत होते. ते म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे. ते केशवरावांहून दोनच वर्षांनी वडील. बालपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस बालगंधर्व म्हटले, तेव्हापासून त्यांचे हेच नाव रूढ झाले. दोघांच्या गाण्याची जात निराळी होती. बालगंधर्वांचे गाणे शांतपणे वाहणाऱ्या नदीसारखे. त्यात आवेश नसे. माधुर्य मात्र ओतप्रोत भरलेले असे. केशवरावांचे गाणे कड्यावरून कोसळणाऱ्या प्रपातासारखे. स्वर वरच्या पट्टीतला, ताना जोरकस व वेगवान. रसिकांत साहजिकच दोन तट पडले. एकाची स्तुती करताना दुसऱ्याला उणे लेखल्यावाचून कोणास राहवत नसे. खरे पाहता आंबा गोड की फणस, या वादासारखाच हा वाद होता. पण चहाच्या दुकानांतून तो मोठ्या हिरिरीने चाले. दोघांच्या मंडळ्या निराळ्या, त्यामुळे दोघांना एकाच रंगभूमीवर पाहावे ही इच्छा मात्र स्वप्नवत् वाटे.

ते स्वप्न खरे ठरले ते लोकमान्यांच्या नावाने. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य निवर्तले. पुढील वर्षी महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सोडला. कोणी अंगावरचे दागिने दिले, कोणी दिवसाची मजुरी दिली. नाटकवाल्यांनी काय द्यावे? बालगंधर्व आणि केशवराव यांनी एकत्र प्रयोग करावा व त्याचे उत्पन्न फंडास द्यावे, असे ठरले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’. बालगंधर्व भामिनी होणार होते आणि केशवराव धैर्यधर.

नाटकाची निवड मोठी समर्पक होती. धैर्यधर हा शूर, पण गरीब सेनापती. श्रीमंत घरची भामिनी त्याच्या गरिबीमुळे त्याला तुच्छ लेखते. तोही स्वाभिमानी; अपमान निमूटपणे गिळणाऱ्यांपैकी नव्हे. पुढे ती वनमाला नावाने साध्या वेषात त्याच्या छावणीत येते, त्याचे गुण पाहते आणि तिचा अभिमान गळून पडतो. 1911 साली हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हापासून भामिनीची भूमिका म्हणजे बालगंधर्व असे समीकरणच होऊन बसले होते. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नटलेली तिची पदे बालगंधर्वांच्या कंठात मुरलेली होती. केशवरावांना त्या भामिनीच्या पुढ्यात उभे राहावयाचे होते. एखादा स्वर जरी फिका पडला असता, तरी विरोधी तटाने ते वर्षानुवर्षे ऐकविले असते. बालगंधर्वांनाही हाच धोका होता. दोघांनी आजवर मिळविलेली कीर्ती एका रात्रीच्या पणास लागली होती. दोघेही मागे हटले नाहीत.

8 जुलै 1921. मुंबईचे बालीवाला थिएटर प्रेक्षकांनी तुडुंब भरले. बाहेर पावसाळ्याचे दिवस. पण तिकीट न मिळाल्यामुळे हळहळणारे लोक पुष्कळ होते. पडदा वर गेला. पाहता पाहता तटांचा विसर पडला. धैर्यधराचे पद संपले की टाळ्यांचा कडकडाट होई आणि तो विरतो न विरतो तोच भामिनीचा मधुर स्वर सभागृहास भारून टाकी. एकाच्या गाण्याने दुसऱ्याच्या गाण्याला रंग चढत होता. प्रेक्षक पदे पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत होते. केशवरावांची तान वरच्या षड्जाला भिडे, तेव्हा श्वास रोखून बसलेले लोक एकदम भानावर येत.

त्या रात्री अधिक कोण गायले? ज्यांनी तो प्रयोग पाहिला, ते पुढे म्हातारे होईपर्यंत या प्रश्नावर बोलत राहिले आणि त्यांचे कधीच एकमत झाले नाही. त्या गाण्याची तबकडी निघाली नाही. तेव्हा निवाडा करण्यास आता काही साधनही नाही. एवढे मात्र खरे की, फंडास मोठी रक्कम मिळाली आणि लोकांचे समाधान न झाल्यामुळे त्याच महिन्यात दोघांनी मिळून ‘सौभद्र’ नाटकाचाही संयुक्त प्रयोग केला.

आता केशवरावांच्या कीर्तीचा सूर्य माथ्यावर आला होता. वय अवघे एकतीस. मनात नव्या नाटकांच्या योजना होत्या. पण त्या पावसाळ्याच्या अखेरीस ते आजारी पडले. दुखणे फार दिवसांचे नव्हते. तरी ते जिवावर बेतले. 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव हे जग सोडून गेले. संयुक्त ‘मानापमाना’ची रात्र उलटून तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. टाळ्या ज्यांच्या कानांत अजून घुमत होत्या, त्यांचा या वार्तेवर विश्वास बसेना.

मालक गेला म्हणजे नाटक मंडळीही बहुधा मोडे. ‘ललितकलादर्श’ मात्र मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा खांद्यावर घेतली आणि 1922 साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नाटक रंगभूमीवर आणले. पुढे बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तीच मंडळी अनेक वर्षे चालविली. बालगंधर्वांना दीर्घ आयुष्य लाभले. ते 1967 साली वारले.

खासबाग मैदानाच्या शेजारी शाहू महाराजांनी 1915 साली एक नाट्यगृह उभारले होते. आरंभी त्याचे नाव पॅलेस थिएटर असे होते. पुढे त्यास केशवरावांचे नाव देण्यात आले. कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांनी आपले पहिले नाटक तेथेच पाहिले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्या वास्तूला आग लागली. वार्ता कळताच नगरवासी धावत आले व जळणाऱ्या छपराकडे पाहत रस्त्यावर उभे राहिले. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. दुसरा दिवस उजाडला तो 9 ऑगस्टचा, केशवरावांच्या जन्मदिनाचा.